पंचांचा कौल : खेळाच्या मैदानावरील निःपक्षपातीपणा

मराठीत ‘पंच’ हा शब्द दोन ठिकाणी वापरला जातो. गावच्या चावडीवर तंटा मिटविण्यासाठी बसतात ते पंच आणि कबड्डी-खोखोच्या मैदानावर शिटी घेऊन उभे राहतात तेही पंच. एवढेच नव्हे, तर या दोन्ही खेळांत पंचांच्या वरचा जो अधिकारी असतो, त्याला ‘सरपंच’ असेच म्हणतात. शब्दांचे हे नाते अर्थपूर्ण आहे. दोन पक्ष समोरासमोर आले, दोघांनाही आपलीच बाजू खरी वाटू लागली, म्हणजे तिसऱ्याने निवाडा करावयाचा आणि तो दोघांनीही मानावयाचा, ही रीत ज्या समाजाने चावडीवर स्वीकारली त्यानेच ती क्रीडांगणावरही आणली. ‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण त्या विश्वासातूनच जन्माला आली.

परंतु हा विश्वास आपोआप टिकत नाही. पंचाने एका बाजूकडे झुकते माप दिले, किंवा दिले असे लोकांना वाटले, तरी त्या विश्वासाला तडा जातो. खेळातील निर्णय पक्षपाती का होतात, ते निःपक्षपाती व्हावेत म्हणून जगात कोणते उपाय योजले गेले आणि त्यांपैकी कोणते तालुका व शाळा पातळीवर बिनखर्चाने अंमलात आणता येण्याजोगे आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एका निर्णयाची किंमत

तालुक्याच्या गावी आंतरशालेय कबड्डीचा अंतिम सामना चालू आहे असे समजू. अखेरचे मिनिट आहे. चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावतो. त्याचा हात रेषेला लागला तेव्हा त्याचा दम टिकून होता की सुटला होता, याविषयी मैदानाच्या दोन बाजूंची दोन मते होतात. पंच क्षणभर थांबतात आणि हात वर करतात. एका शाळेचा जयजयकार होतो, दुसऱ्या शाळेची मुले मान खाली घालून निघून जातात. हे पंच विजेत्या शाळेतच क्रीडाशिक्षक असतील, तर त्यांचा निर्णय शंभर टक्के बरोबर असूनही पराभूत मुलांना तो कधीच पटणार नाही.

अशा निर्णयाचे परिणाम त्या सायंकाळपुरते राहत नाहीत. तालुक्यातून जिल्हा, जिल्ह्यातून विभाग आणि विभागातून राज्य अशी शालेय स्पर्धांची चढती पायरी आहे. खेळातील प्रावीण्यावर दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. शासकीय सेवेत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्यासाठी वरच्या पातळीवरील ठराविक कामगिरीची प्रमाणपत्रे लागतात. पहिल्याच पायरीवर जो संघ चुकीच्या निर्णयाने बाहेर पडला, त्यातील मुलांना पुढच्या सर्व पायऱ्या त्या वर्षापुरत्या बंद होतात. शेतमजुराच्या किंवा ऊसतोडणी कामगाराच्या मुलाच्या आयुष्यात अशी संधी पुन्हा येईलच असे नाही. म्हणूनच पंचाच्या हातातील शिटी ही लहान वस्तू असली तरी तिच्याबरोबर येणारा अधिकार लहान नाही.

चूक आणि पक्षपात

प्रत्येक चुकीचा निर्णय पक्षपाती असतो असे मात्र नव्हे. २२ जून १९८६ रोजी मेक्सिको शहरात विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत अर्जेंटिना आणि इंग्लंड यांचा सामना झाला. अर्जेंटिनाच्या दिएगो माराडोनाने चेंडू हाताने गोलात ढकलला आणि रेफ्रींनी तो गोल ग्राह्य धरला. हे रेफ्री ट्युनिशियाचे होते. दोन्ही संघांशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांना हात दिसला नाही, इतकेच. ही चूक झाली, हा पक्षपात नव्हे. चूक कधी या बाजूला होते, कधी त्या बाजूला. अनेक सामन्यांचा हिशेब मांडला तर ती दोघांत सारखी वाटली जाते.

पक्षपाताचे लक्षण निराळे आहे. शंकेची जागा आली की प्रत्येक वेळी माप एकाच बाजूला झुकते. त्याचेही दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार जाणूनबुजून केलेला असतो. त्यामागे पैसा, दडपण, नातेगोते किंवा प्रादेशिक अभिमान यांपैकी काहीतरी असते. असा पक्षपात हा गुन्हाच होय आणि त्याला शिक्षा हेच उत्तर आहे. दुसरा प्रकार अजाणता घडतो. पंच प्रामाणिक असतो, आपण न्यायच करीत आहोत अशी त्याची खात्री असते आणि तरीही त्याचा हात एका बाजूसाठी लवकर उठतो, दुसऱ्या बाजूसाठी उशिरा. मैदानावर या दुसऱ्या प्रकाराकडे बहुधा कोणाचेच लक्ष जात नाही आणि अशा पंचाला अप्रामाणिक ठरविल्याने तो सुधारतही नाही. त्यामुळे त्याची कारणे समजून घेणे अगत्याचे आहे.

गर्दीचा आवाज

अजाणता होणाऱ्या पक्षपाताचे सर्वांत मोठे कारण म्हणजे यजमान संघाचे प्रेक्षक. यासंबंधी इंग्लंडमधील संशोधकांनी केलेला एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी ४० पात्र फुटबॉल रेफ्रींना एकाच सामन्याच्या चित्रफितीतील ४७ प्रसंग दाखविले. काहींना ते प्रेक्षकांच्या आरड्याओरड्यासह दाखविले, तर काहींना आवाज पूर्ण बंद करून. दोन्ही गटांनी तेच प्रसंग पाहिले होते. तरीही ज्यांच्या कानावर गर्दीचा आवाज पडत होता त्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे साडेपंधरा टक्के कमी फाऊल दिले. पाहुण्या संघाला अधिक शिक्षा करण्यापेक्षा यजमानांचा अपराध डोळ्यांआड करण्याकडे त्यांचा कल होता. पंचाचा पक्षपात त्याने फुंकलेल्या शिटीत शोधला जातो, तो न फुंकलेल्या शिटीतही असू शकतो, हा या प्रयोगाचा बोध आहे.

स्पेनमधील फुटबॉल साखळी सामन्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. वाया गेलेल्या वेळेच्या भरपाईसाठी सामन्याच्या अखेरीस किती मिनिटे द्यावयाची हे रेफ्री ठरवितात. यजमान संघ एका गोलाने पुढे असेल तर ही मिनिटे कमी आणि एका गोलाने मागे असेल तर जास्त दिली जातात, असे त्यात आढळून आले. पुढे २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे युरोपातील अनेक सामने रिकाम्या मैदानांवर खेळले गेले. प्रेक्षक नाहीसे होताच पाहुण्या संघांना दाखविल्या जाणाऱ्या पिवळ्या कार्डांचे प्रमाणही घटले. रेफ्री तेच होते, नियम तेच होते. फरक फक्त गर्दीचा होता.

याचा अर्थ रेफ्री भित्रे होते असा करणे योग्य होणार नाही. हजारो लोक एकाच वेळी ओरडतात तेव्हा ऐकणाऱ्याला नकळत असे वाटते की, इतक्या लोकांना दिसले त्या अर्थी काहीतरी घडले असलेच पाहिजे. शंकेच्या क्षणी मनुष्य आधार शोधतो आणि गर्दीचा आवाज हा सर्वांत जवळचा आधार असतो. गावच्या जत्रेतील कुस्तीच्या फडात पंच म्हणून उभे राहिलेल्या कोणालाही हा अनुभव नवा नसेल.

या बाबतीत एक आशादायक गोष्टही संशोधनातून पुढे आली आहे. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून दोन अर्थशास्त्रज्ञांनी असे दाखविले की, गोरे रेफ्री अधिक असले की कृष्णवर्णीय खेळाडूंना तुलनेने किंचित अधिक फाऊल दिले जातात. २००७ मध्ये या निष्कर्षाची वृत्तपत्रांतून मोठी चर्चा झाली. त्यानंतरच्या वर्षांची आकडेवारी तपासली असता हा फरक नाहीसा झाल्याचे आढळले. आपल्या हातून काय घडते याची जाणीव झाली, एवढ्यानेच प्रामाणिक माणूस सावध होतो. पंचांच्या प्रशिक्षणात नियमांच्या पाठांतराबरोबर या जाणिवेलाही स्थान असले पाहिजे, ते यासाठी.

परस्थळचा पंच

पक्षपात टाळण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे दोन्ही पक्षांशी संबंध नसलेला पंच आणणे. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. मराठेशाहीत वतनाचे आणि वडिलकीचे तंटे गोतसभेपुढे चालत. स्थानिक सभेत आपल्याला न्याय मिळणार नाही, तेथील मंडळी प्रतिपक्षाच्या बाजूची आहेत, असे एखाद्या पक्षाला वाटल्यास तो तंटा ‘परस्थळी’, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या सभेपुढे नेण्याची मागणी करता येत असे. निवाडा होण्यापूर्वी तो मान्य करण्याची लेखी कबुली उभय पक्षांकडून घेतली जाई. तिला त्या काळी ‘राजीनामा’ म्हणत. पंच तटस्थ असावा आणि त्याचा निर्णय मानण्याचे वचन अगोदर दिलेले असावे, ही न्यायाची दोन्ही अंगे त्या व्यवस्थेने ओळखली होती.

क्रिकेटला हे पटावयास मात्र फार काळ लागला. १९१२ साली इंग्लंडमध्ये झालेल्या तिरंगी स्पर्धेत ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका यांच्या सामन्यांत इंग्लिश पंच उभे राहिले, हा अपवाद वगळता कसोटी सामन्यांचे पंच यजमान देशाचेच असत. परिणामी प्रत्येक दौऱ्यावरून परतणारा संघ पंचांविषयीच्या तक्रारींचे गाठोडे घेऊन येई. १९८० मध्ये न्यूझीलंडच्या दौऱ्यावर असलेल्या वेस्ट इंडीज संघाचा संताप इतका वाढला की, ड्युनेडिन येथे मायकेल होल्डिंगने लाथ मारून यष्ट्या उडविल्या आणि ख्राइस्टचर्च येथे कॉलिन क्रॉफ्टने गोलंदाजीसाठी धावत येताना पंचांना खांद्याने धक्का दिला. १९८७ च्या डिसेंबरात फैसलाबाद येथे इंग्लंडचा कर्णधार माइक गॅटिंग आणि पाकिस्तानी पंच शकूर राणा यांची मैदानावरच बाचाबाची झाली आणि तिच्यापायी कसोटीचा एक संपूर्ण दिवस वाया गेला.

या पार्श्वभूमीवर १९८६ च्या नोव्हेंबरात लाहोर येथे घडलेली घटना उल्लेखनीय ठरते. पाकिस्तान व वेस्ट इंडीज यांच्यातील कसोटी सामन्यासाठी भारताचे व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर या दोन पंचांना पाचारण करण्यात आले. यामागे पाकिस्तानचा कर्णधार इम्रान खान याचा आग्रह होता. यांपैकी पिलू रिपोर्टर हे मुंबईचे. १४ कसोटी सामन्यांत पंच म्हणून काम केलेल्या रिपोर्टर यांचे २०२३ मध्ये निधन झाले. लाहोरच्या त्या सामन्यात यजमान पाकिस्तानचा एक डाव आणि १० धावांनी पराभव झाला. घरच्या पंचांचा आधार यजमानांनी आपण होऊन सोडला आणि पराभव पत्करला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. भारत आणि पाकिस्तान यांचे संबंध पाहता, पाकिस्तानच्या भूमीवर भारतीय पंचांवर टाकलेला हा विश्वासही मोठाच म्हणावा लागेल.

१९८९ मध्ये भारतीय संघ पाकिस्तानात गेला, तेव्हा चारही कसोटींसाठी जॉन हॅम्पशायर व जॉन होल्डर हे इंग्लिश पंच नेमण्यात आले. सचिन तेंडुलकरने कसोटी पदार्पण केले ती हीच मालिका. १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक पंच तटस्थ देशाचा असावा आणि २००२ पासून दोन्ही पंच तटस्थ असावेत, अशी व्यवस्था आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने केली. १९८६ ते २०१२ या काळातील सुमारे एक हजार कसोटी सामन्यांतील पायचितच्या निर्णयांचा पुढे अभ्यास झाला. दोन्ही पंच यजमान देशाचे असताना पाहुण्या फलंदाजांना पायचित देण्याचे प्रमाण अधिक होते. एक पंच तटस्थ झाल्यावर ते कमी झाले आणि दोन्ही पंच तटस्थ झाल्यावर हा फरक उरलाच नाही. जुन्या ‘परस्थळा’च्या तत्त्वाचे यापेक्षा स्पष्ट समर्थन कोणते असणार?

गुणांवर ठरणारे खेळ

धाव, गोल किंवा सेकंद यांवर ज्यांचा निकाल लागतो त्या खेळांपेक्षा, परीक्षकांच्या गुणांवर ज्यांचा निकाल लागतो ते खेळ अधिक नाजूक होत. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा रॉय जोन्स हा मुष्टियोद्धा यजमान दक्षिण कोरियाच्या पार्क सी-हुन याच्याकडून तीन विरुद्ध दोन मतांनी पराभूत ठरला. त्याच स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट मुष्टियोद्धा म्हणून देण्यात येणारा चषक मात्र जोन्सलाच मिळाला. त्या निकालावर जगभर टीका झाली आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून संगणकावर गुण नोंदविण्याची पद्धत आली. पाच परीक्षकांपैकी किमान तिघांनी जवळजवळ एकाच क्षणी कळ दाबली तरच ठोशाचा गुण धरला जाई.

तेवढ्याने प्रश्न सुटला नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुन्हा निकालांविषयी तक्रारी झाल्या. तेथे काम केलेल्या सर्व ३६ रेफ्री व परीक्षकांना नंतर बाजूला करण्यात आले आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने लढतींच्या निकालांत फेरफार करण्याची व्यवस्थाच अस्तित्वात होती असा निष्कर्ष काढला. पंच नेमणाऱ्यांचेच हेतू शुद्ध नसतील तर गुण नोंदविण्याची कोणतीही पद्धत अपुरी पडते, हा या प्रकरणाचा धडा आहे.

२००२ च्या सॉल्ट लेक सिटी येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये जोडीने करावयाच्या स्केटिंगचा निकाल असाच वादग्रस्त ठरला. एका परीक्षकावर दडपण आल्याचे निष्पन्न झाल्यावर कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक देण्यात आले आणि कित्येक दशके चालत आलेली सहा गुणांची पद्धत मोडीत काढून नवी पद्धत आणावी लागली. अनेक खेळांत सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्यांची सरासरी काढतात, तीही एकट्या परीक्षकाच्या हाती निकाल राहू नये म्हणूनच. शाळेच्या वक्तृत्व किंवा समूहगीत स्पर्धेतही ही साधी रीत वापरण्यास काही हरकत नाही.

यंत्राचे साहाय्य आणि त्याची मर्यादा

१९९२ च्या नोव्हेंबरात डर्बन येथील कसोटीत सचिन तेंडुलकर धावबाद झाला. दूरचित्रवाणीची दृश्ये पाहून तिसऱ्या पंचाने बाद ठरविलेला तो पहिला फलंदाज होय. २००८ मध्ये भारत-श्रीलंका मालिकेत खेळाडूंच्या मागणीवरून निर्णयाची फेरतपासणी करण्याचा प्रयोग झाला आणि २००९ पासून ती पद्धत अधिकृतपणे सुरू झाली. फुटबॉलच्या विश्वचषकात २०१८ पासून चित्रफीत पाहणारे साहाय्यक रेफ्री आले.

यंत्रामुळे ढळढळीत चुका कमी झाल्या यात शंका नाही. तथापि शंकेची जागा संपली असे म्हणता येत नाही. चेंडू यष्टीला निसटता लागला असता असे यंत्राने दाखविल्यास क्रिकेटमध्ये मैदानावरील पंचाचा मूळ निर्णयच कायम राहतो. एकाच तऱ्हेच्या चेंडूवर एक फलंदाज बाद आणि दुसरा नाबाद ठरतो, तो यामुळेच. यंत्र चेंडू कोठे पडला ते सांगू शकते. खेळाडूचा धक्का हेतुपुरस्सर होता की अपघाती, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते. ग्रामीण भागातील बहुसंख्य स्पर्धांना अशी यंत्रे परवडणारी नाहीत आणि त्यांची वाट पाहत बसण्याचे कारणही नाही. यंत्राने खेळाला जे शिकविले ते एवढेच की, निर्णय पुन्हा तपासला गेल्याने पंचाचा मान कमी होत नाही. हे शिकण्यास पैसे पडत नाहीत.

खेळाडूंचे उत्तरदायित्व

निःपक्षपाती निर्णयाची जबाबदारी एकट्या पंचावर टाकून चालणार नाही. १९८० च्या फेब्रुवारीत मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना झाला. इंग्लंडचे ५ गडी ५८ धावांत बाद झाले होते. इयान बोथम आणि बॉब टेलर यांची जोडी जमत असताना टेलरला पंचांनी यष्टीमागे झेलबाद दिले. भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ याची खात्री होती की चेंडू बॅटला लागलेला नाही. त्याने पंचांशी बोलून टेलरला परत बोलावले. या जोडीने १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत दहा गड्यांनी हरला. आज त्या सामन्याचे नाव निघते तेव्हा बोथमच्या शतकाबरोबर आणि १३ बळींबरोबर विश्वनाथच्या त्या कृतीचीही आठवण काढली जाते. हरलेल्या कर्णधाराला असा मान क्वचितच लाभतो.

याच्या पुढच्या वर्षी, १९८१ च्या फेब्रुवारीत, मेलबर्न येथे याउलट प्रसंग घडला. ७० धावांवर खेळणाऱ्या सुनील गावसकरला डेनिस लिलीच्या गोलंदाजीवर पायचित देण्यात आले. चेंडू आधी बॅटला लागला होता, असे त्याचे म्हणणे होते. रागाच्या भरात त्याने जोडीदार चेतन चौहानलाही मैदानाबाहेर नेण्यास सुरुवात केली. संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर दुराणी यांनी सीमारेषेजवळ येऊन चौहानला परत पाठविले. सामना पुढे चालला आणि ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव ८३ धावांत गुंडाळून भारताने तो ५९ धावांनी जिंकला. व्यवस्थापकाने प्रसंगावधान राखले नसते तर हा संस्मरणीय विजय भारताच्या हातून गेला असता. गावसकरनेही पुढे आपल्या त्या वर्तनाबद्दल खेद व्यक्त केला.

अलीकडच्या काळातील उदाहरणही दूरचे नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत चितपटीच्या निर्णयावरून वाद पेटला. एका नामवंत मल्लाने पंचांना लाथ मारली आणि त्याला तीन वर्षांसाठी निलंबित करण्यात आले. निर्णयाविषयी त्याची तक्रार खरी होती की नव्हती, हा प्रश्न लाथेनंतर मागेच पडला. तक्रार मांडण्याची रीतसर वाट सोडली म्हणजे खरी तक्रारही ऐकली जात नाही, हे तरुण खेळाडूंना शिकविण्याची जबाबदारी वस्ताद, प्रशिक्षक आणि शिक्षक यांची आहे. पण त्याबरोबरच अशी रीतसर वाट उपलब्ध ठेवणे, ही संयोजकांची जबाबदारी आहे. वाट नसेल तर संयमाचा उपदेश पोकळ ठरतो.

तालुका पातळीवर काय करता येईल?

शासकीय अधिकाऱ्यांना नैसर्गिक न्यायाची दोन तत्त्वे परिचित असतात. स्वतःच्या प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये आणि दोन्ही बाजू ऐकून घेतल्याखेरीज निर्णय होऊ नये. १९२३ मध्ये एका इंग्लिश न्यायाधीशांनी त्यांत अशी भर घातली की, न्याय होणे पुरेसे नाही, तो होत असलेला लोकांना दिसलाही पाहिजे. ही तत्त्वे क्रीडांगणाला तशीच्या तशी लागू पडतात.

पहिली गोष्ट पंचांच्या नेमणुकीची. ज्या शाळेचा संघ खेळत आहे त्या शाळेच्या शिक्षकाने त्या सामन्यात पंच होऊ नये. शेजारच्या दोन तालुक्यांनी परस्परांत पंचांची अदलाबदल केली, तर प्रवासखर्चापलीकडे फारसा खर्च येत नाही. ते शक्य नसेल तेथे प्रत्येक बाजूचा एक पंच आणि दोघांना मान्य असा तिसरा सरपंच, ही व्यवस्था करता येते. पंचांची यादी सामन्यांच्या सोडती काढण्यापूर्वीच जाहीर करावी, म्हणजे अमुक सामन्यासाठी अमुक पंच मुद्दाम आणला असा संशय राहत नाही. पंचांचे मानधन व भोजन संयोजकांकडून व्हावे. कोणत्याही संघाच्या पाहुणचारात पंचाने राहू नये.

दुसरी गोष्ट नियमांची. खोखोचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधून दिले, त्यापूर्वी गावोगावची रीत वेगळी असे. जेथे नियम लेखी नसतात तेथे यजमानांचा शब्द हाच नियम होतो. आजही अनेक खुल्या स्पर्धांत ‘आमच्याकडे असेच चालते’ हे वाक्य ऐकू येते. सामना सुरू होण्यापूर्वी दोन्ही कर्णधारांना समोर बसवून महत्त्वाचे नियम वाचून दाखवावेत आणि ते मान्य असल्याची सही घ्यावी. मराठेशाहीतील ‘राजीनामा’ याहून वेगळा नव्हता.

तिसरी गोष्ट प्रेक्षकांची. मैदानाच्या सीमेपासून काही अंतरावर फक्कीची दुसरी रेषा आखून प्रेक्षकांना तिच्या मागे बसवावे. पंचांच्या पाठीशी लोक उभे राहिले की पंचांचे कान त्यांच्याकडे लागतात. ध्वनिक्षेपकावरून समालोचन करणाऱ्याने पंचांच्या निर्णयावर टीकाटिप्पणी करू नये. बक्षिसाचे देणगीदार, गावचे सरपंच, संस्थेचे अध्यक्ष यांनी सामना चालू असताना पंचांशी बोलण्याचे टाळावे. गावच्या सरपंचाने मैदानावरील सरपंचाचा मान राखला की बाकीचे आपोआप राखतात.

चौथी गोष्ट तक्रारीची. स्पर्धेपूर्वीच तिघांची तक्रार निवारण समिती नेमावी. तक्रार फक्त कर्णधार किंवा संघ व्यवस्थापकाने, ठरलेल्या मुदतीत आणि लेखी करावी. समितीने पंचांचे आणि दोन्ही संघांचे म्हणणे ऐकून त्याच दिवशी कारणांसह निर्णय द्यावा. गुणपत्रक सर्वांना पाहता येईल असे लावावे. चूक झाली असेल तर ती कबूल करण्याचे धैर्य समितीने दाखवावे आणि पंचांवर हात टाकणाऱ्याची गय करू नये. या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तरच व्यवस्थेवर विश्वास बसतो.

पाचवी गोष्ट शिक्षकांच्या हाती आहे. सरावाच्या सामन्यांत विद्यार्थ्यांना आळीपाळीने पंच करावे. आपल्याच मित्राला बाद ठरविण्याची पाळी एकदा आली की, पंचाचे काम किती अवघड आहे ते मुलाला कळते. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा खेळाडू म्हणून निर्णय अधिक शांतपणे स्वीकारतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील न्यायाचा पाठ त्याला मैदानावर प्रत्यक्ष शिकावयास मिळतो.

समारोप

अधिकारी, शिक्षक आणि पंचायतींचे सदस्य यांना रोजच्या कामात पंचाचीच भूमिका करावी लागते. घरकुलाच्या यादीत नाव कोणाचे घ्यावयाचे, पाण्याचा टँकर आधी कोणत्या वस्तीवर पाठवावयाचा, वर्गात कोणाचा हात आधी वर गेला हे ठरवावयाचे. अशा प्रत्येक वेळी ओळखीचा चेहरा आणि मोठा आवाज यांचा दाब नकळत पडत असतो. तो दाब आपल्यावरही पडतो हे मान्य करणे ही निःपक्षपातीपणाची पहिली पायरी होय.

गावातील मुले न्यायाचा पहिला अनुभव न्यायालयात घेत नाहीत. तो त्यांना कबड्डीच्या मैदानावर येतो. हरलेला संघ ‘आम्ही कमी पडलो’ असे म्हणत घरी गेला, तर पुढच्या वर्षी तो अधिक तयारीने परत येतो. ‘आम्हाला हरवले’ असे म्हणत गेला, तर त्यातील काही मुले पुन्हा मैदानावर पाऊल ठेवत नाहीत आणि पुढे मोठेपणी कोणत्याच पंचावर त्यांचा विश्वास बसत नाही. येत्या हंगामातील स्पर्धांचे नियोजन करताना बक्षिसांच्या रकमेइतकाच विचार पंचांच्या नेमणुकीचाही झाला, तर या मुलांचा मैदानावरील विश्वास टिकून राहील.